कुंभारजुव्याच्या पाण्याचे नियोजन कोणी करायचे?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मांडवी, झुवारी आणि या दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा यांच्या एकत्रित नियोजनाविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचे खाजन, म्हणजे बांध घालून नदीच्या पाण्यापासून राखलेले शेत, कालव्याच्या पूर्व काठावर, फोंडा तालुक्यात आहे. उधाणाच्या पाण्याने बाहेरचा बांध दोन ठिकाणी फुटला. एका कार्यालयात गेलो की दुसऱ्याचे नाव सांगतात. समोरच्या काठावर भराव पडल्यामुळे पाण्याचा रेटा आमच्याकडे वाढला, असे आम्ही सांगितले तर तो तालुका वेगळा, जिल्हाही वेगळा, असे उत्तर मिळते. दोन्ही काठांचे मिळून एकच नियोजन करता येईल का आणि त्याची सुरुवात कोणी करायची? (एक शेतकरी, बाणस्तारी परिसर)

उत्तर : करता येईल. कायद्याची आडकाठी नाही. आजवर कोणी पुढाकार घेतलेला नाही एवढेच. नियोजन नेमके कोणत्या भागाचे करायचे, हे महसुली नकाशा बाजूला ठेवून आधी पाण्याकडे पाहून ठरवावे लागते. आपल्या बाबतीत तो भाग म्हणजे संपूर्ण कालवा आहे. हा कालवा मांडवीला तिच्या मुखापासून सुमारे 14 किलोमीटर आत मिळतो आणि झुवारीला तिच्या मुखापासून सुमारे 11 किलोमीटरवर. भरती दोन्ही तोंडांतून आत शिरते, त्यामुळे येथील पाण्याला वर आणि खाली अशी कायमची दिशा नाही, आणि एका काठावर घातलेल्या भरावाचा परिणाम दुसऱ्या काठावर, कधी कधी तर बऱ्याच अंतरावर, दिसतो. तुम्ही म्हणता ती तालुक्याची सीमा याच पाण्यातून जाते. 2015 मध्ये फोंडा तालुका उत्तर गोव्यातून दक्षिण गोव्यात गेल्यापासून तीच सीमा जिल्ह्याचीही झाली. म्हणजे एकाच पाण्याचे दोन काठ दोन जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत आले, आणि तुम्हाला मिळालेले उत्तर कागदावर बरोबर असले तरी बांधावर निरुपयोगी ठरले.

या कालव्याशी संबंधित यंत्रणा मोजायला बसलो तर यादी बरीच लांबते. जलवाहतूक बंदर कप्तान खात्याकडे, शेतीचे बांध कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडे, किनारी बांधकामांची परवानगी गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे, सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, खारफुटी वन खात्याकडे. त्यात 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने मांडवी, झुवारी, कुंभारजुवे, म्हापसा, शापोरा आणि साळ या सहा प्रवाहांचे पट्टे राष्ट्रीय जलमार्ग ठरवले, तेव्हापासून केंद्राचे जलमार्ग प्राधिकरणही आले. पावसाळ्यात आग्वादपाशी वाळूचा दांडा साचून मांडवीचे तोंड जहाजांना बंद होते, त्या दिवसांत खनिजाच्या बार्जी याच कालव्यातून झुवारीत उतरून मुरगावला जात असत. बार्जींच्या लाटांनी बांध झिजतात ही तक्रार तेव्हापासूनची आहे. एवढ्या यंत्रणांपैकी प्रत्येकीला आपल्या विषयापुरते पाणी दिसते. बांध, मासळी, होडी आणि सांडपाणी एकाच वेळी पाहण्याची जबाबदारी त्यांच्यापैकी एकीवरही नाही.

म्हणून आमचा सल्ला असा की, मोठ्या आराखड्याची वाट न पाहता कालव्याच्या काठच्या पंचायतींनीच आरंभ करावा. जैवविविधता कायदा, 2002 नुसार प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. कुंभारजुवे, खोर्ली, करमळी, तिवरे-वरगाव, भोम-अडकोण अशा पंचायतींच्या समित्यांनी एकत्र बसण्यास कोणाच्याही परवानगीची गरज नाही. प्रत्येक ग्रामसभेत एकाच मजकुराचा ठराव घ्यावा, आणि दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना त्या सर्व ठरावांच्या प्रती एकत्र जोडून, एकाच पत्राने पाठवाव्यात. सुटे अर्ज सुट्या टेबलांवर पडून राहतात.

या पत्रात एक आधार अवश्य घ्यावा. 2011 च्या किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतुदी आहेत. त्यात खाजनांलगतच्या खारफुटीचे रक्षण करावे, खाजनांसाठी व्यवस्थापन आराखडा तयार करावा आणि खाजनात विकासकामांना परवानगी देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा आपण काही नवीन मागत नाही, मान्य झालेली गोष्ट कालव्यापुरती प्रत्यक्षात आणा असे म्हणत आहोत, हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे.

पहिल्या वर्षी तीनच कामे घ्यावीत असे मला वाटते. दोन्ही काठांचे बांध, मानशी (बांधातली पाण्याची दारे), फुटलेल्या जागा, भराव आणि सांडपाण्याची तोंडे दाखवणारा एकच नकाशा, तोही खाजनात प्रत्यक्ष चालून केलेला. निवडक मानशींवर रंगाने आखलेली पाण्याच्या पातळीची पट्टी. आणि ती पातळी लिहिण्यासाठी वही. भारतीय सर्वेक्षण विभाग मुरगाव बंदरासाठी भरती-ओहोटीचे वार्षिक कोष्टक प्रसिद्ध करतो. आपल्या मानशीवर भरती मुरगावपेक्षा किती उशिरा पोहोचते हे काही महिन्यांच्या नोंदींवरून समजते, आणि मग येणाऱ्या उधाणाचा दिवस व वेळ दोन्ही काठांना आधीच सांगता येते. बांध बहुधा अशाच रात्री फुटतो.

प्रश्न : आमच्या खाजनात मानशीचा लिलाव घेणारा ठेकेदार मासळीसाठी खारे पाणी नको तेव्हा आत घेतो. शेते पडीक पडली आहेत आणि काही ठिकाणी खारफुटी उगवली आहे. सहकार्याने नियोजन म्हणतात ते अशा माणसाबरोबर कसे करायचे? (एक वाचक, दिवाडी)

उत्तर : आपला प्रश्न एका खाजनाचा असला तरी नदीच्या संपूर्ण नियोजनाचा गाभा त्यात आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

मानस कशी चालते हे नव्या वाचकांसाठी सांगणे आवश्यक आहे. खाजन हे भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेले, बांध घालून नदीकडून राखलेले शेत. बांधात दगडी चौकट असते आणि तिला लाकडी दारे असतात. बाहेर भरती चढू लागली की पाण्याच्या दाबाने दारे आपोआप मिटतात. सुकती लागून बाहेरचे पाणी उतरले की आतल्या पाण्याच्या रेट्याने ती उघडतात आणि पोयीतले, म्हणजे खाजनातल्या तळीतले, पाणी नदीत जाते. या बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी जाळे लावले की सुंगटे, शेवटे, खेकडे सापडतात. दाराला फळी अडकवून ते भरतीच्या वेळी उघडे ठेवले की खारे पाणी आत येते. एवढ्या एका फळीवर भात आणि मासळी यांतले अंतर अवलंबून असते. कोरगुटासारखे खाजनातले भात थोडा खारेपणा सोसते खरे, परंतु पहिल्या पावसांनी जमिनीतले मीठ धुऊन जाण्याआधी किंवा रोप लहान असताना पाणी आत आले तर ते तगत नाही. पीक निघाल्यावर मात्र खारे पाणी घेतले तर तण मरते आणि मासळीही मिळते. म्हणजे तंटा पाणी घ्यावे की घेऊ नये याचा नाही. ते कोणत्या तारखेपासून, कोणत्या पातळीपर्यंत आणि कोणाच्या हुकमाने घ्यायचे, याचा आहे.

पूर्वी याचे उत्तर गावकरीकडे, म्हणजे गावाची जमीन सामायिकपणे सांभाळणाऱ्या कोमुनिदाद या जुन्या संस्थेकडे होते. तिसवाडीच्या गावकऱ्यांचे रीतिरिवाज पोर्तुगीजांनी 1526 च्या फोराल या सनदेत लिहून घेतले, तेव्हाही ही व्यवस्था जुनीच होती. बांधाची राखण, मानशीचे उत्पन्न आणि जमिनीची वाटणी एकाच संस्थेच्या हाती असल्यामुळे मासळीचा पैसा बांधाच्या मातीत जात असे. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. गावकरीत कष्टकऱ्यांना आणि स्त्रियांना आवाज नव्हता. 1964 च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले हे योग्यच झाले. परंतु बांधाची सामायिक जबाबदारी मधल्या मध्ये निसटली. ती पुन्हा बांधून घेण्यासाठी 1975 मध्ये कुळांच्या संयुक्त जबाबदारीविषयी नियम आले, त्यांनुसार खाजनागणिक कुळांच्या संघटना झाल्या आणि त्यांच्यावर मामलेदाराची देखरेख आली. मानशीचा लिलाव याच संघटना करतात. म्हणून आपण ज्याला ठेकेदाराचा प्रश्न म्हणता तो प्रथम आपल्याच संघटनेच्या लिलावाच्या अटींचा प्रश्न आहे, आणि त्या अटी बदलणे आपल्या हातात आहे.

पुढच्या लिलावापूर्वी सर्वसाधारण सभा बोलावून अटींत काही गोष्टी अक्षरशः लिहून घ्याव्यात. दगडी चौकटीवर लाल खूण करावी आणि त्या खुणेच्या वर आतले पाणी चढू नये असे लिहावे. पेरणीच्या तयारीपासून कापणीपर्यंत भरतीचे पाणी आत घेण्यास पूर्ण मनाई असावी. तारखा संघटनेने दरवर्षी पाऊस पाहून जाहीर कराव्यात. दारांची दुरुस्ती आणि बांधावरची खेकड्यांची भोके बुजवणे कोणाकडे, हे नमूद असावे, कारण मोठे भगदाड पुष्कळदा अशाच भोकांतून सुरू होते. अनामत रक्कम बांधाच्या एका दुरुस्तीला पुरेल एवढी घ्यावी. लिलावाच्या उत्पन्नातील ठरलेला हिस्सा बांधाच्या खात्यात जमा व्हावा आणि त्या खात्याचा हिशोब दरवर्षी सभेत वाचला जावा. लाल खूण आणि वही असली की मामलेदारापुढे नोंद ठेवता येते; नुसती तक्रार तेथे फार वेळ टिकत नाही.

ठेकेदाराविषयी आपल्या पत्रात राग आहे आणि तो समजण्यासारखा आहे. तरीही त्याला सभेबाहेर ठेवू नये. मानशीवर रात्री जाळे लावणाऱ्या माणसाइतके पोयीतले पाणी दुसरे कोणी रोज पाहत नाही; नोंदवही लिहिण्याचे काम त्याच्यावर सोपवून आठवड्यातून एकदा शेतकऱ्यांपैकी कोणी ती पडताळून पाहावी. ज्याचे पोट मासळीवर आहे त्याला हंगामाचे चार महिने निश्चितपणे मोकळे मिळणार असतील, तर उरलेल्या काळात फळी काढून ठेवण्याचे बंधन तो मान्य करण्याची शक्यता वाढते. तरी तो अटी मोडत राहिला, तर अनामत जप्त करण्यास संघटनेने कचरू नये.

खारफुटीची बाब थोडी नाजूक आहे. 2021 च्या भारतीय वनस्थिती अहवालानुसार गोव्यात खारफुटीचे क्षेत्र 27 चौरस किलोमीटर आहे, आणि बांधाच्या बाहेरच्या अंगाला वाढलेली खारफुटी लाटांचा मारा अडवून बांधालाच राखते. तिला हात लावू नये. आतल्या पडीक शेतात ती एकदा वाढली की किनारी नियमांखाली तिला सर्वांत कडक संरक्षण लागू होते आणि शेत पुन्हा कसण्याचा मार्ग फार अवघड होतो. म्हणून परवानगीशिवाय तोड करून गुन्हा ओढवून घेण्यापेक्षा, जी शेते अजून मोकळी आहेत ती यंदाच लागवडीखाली आणावीत. काही मालक गावात नाहीत, असे आपण लिहिले आहे. त्यांची लेखी संमती घेऊन संघटनेने त्यांची शेते सामुदायिक रीतीने कसली तरी चालेल.

प्रश्न : आमचा गाव गांजेच्या बाजूला, समुद्रापासून इतका दूर. आमचा खाडीशी काय संबंध? (एक विद्यार्थिनी, सत्तरी)

उत्तर : मांडवीत भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे 50 किलोमीटर आत, तुमच्या गावाच्या आसपासपर्यंत जाणवतो. तेथे पाणी गोडे असले तरी भरतीबरोबर त्याची पातळी वर-खाली होते. पावसाळ्यात वरून येणारा लोंढा खारे पाणी खाली लोटतो. ऑक्टोबरपासून प्रवाह मंदावतो आणि खारेपणा महिन्यागणिक वर चढत एप्रिल-मेमध्ये सर्वाधिक आत येतो. किनारी नियमांची हद्दसुद्धा याच मोजमापावर ठरते : वर्षातील सर्वांत कोरड्या काळात दर हजार भागांत 5 भाग क्षार जेथपर्यंत आढळतात तेथपर्यंत. तुमच्या शाळेने दर पंधरा दिवसांनी एका ठरावीक जागी, भरतीच्या वेळी, क्षारता मोजण्याचे काम घेतले तर ती नोंद तुमच्याइतकीच खालच्या गावांनाही उपयोगी पडेल.

प्रश्न : म्हादईचे पाणी वळवण्याचा वाद तीन राज्यांत आणि सर्वोच्च न्यायालयात चालू असताना गावपातळीवरच्या या आराखड्यांना अर्थ काय उरतो? (एक निवृत्त शिक्षक, वाळपई)

उत्तर : म्हादई म्हणजे आपल्या मांडवीचाच वरचा प्रवाह. तिच्या खोऱ्याचे 2,032 चौरस किलोमीटर क्षेत्र तीन राज्यांत विभागलेले आहे, त्यांपैकी 1,580 गोव्यात, 375 कर्नाटकात आणि 77 महाराष्ट्रात येते. पाणीतंटा लवादाने 14 ऑगस्ट 2018 रोजी दिलेल्या निवाड्यात गोव्याला 24 टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटकाला 13.42 टीएमसी (त्यांपैकी 8.02 वीजनिर्मितीसाठी) आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी पाणी दिले. तिन्ही राज्ये त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी 2023 मध्ये केंद्राने ‘प्रवाह’ हे प्राधिकरण नेमले. ही लढाई राज्याने नेटाने लढलीच पाहिजे, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

परंतु टीएमसीचा आकडा वर्षाचा असतो आणि खाडीचे जीवन महिन्यांवर चालते. या नदीचे बहुतेक पाणी पावसाळ्याच्या चार महिन्यांत वाहून जाते. डिसेंबर ते मे या काळात वाहणारी बारीक धारच खारे पाणी खाली रोखून धरते, आणि शेतातली विहीर गोडी राहील की मचूळ होईल हे त्या धारेवर ठरते. ती धार कमी झाल्याने खाली नेमके काय बिघडते, हे गावोगावच्या अनेक वर्षांच्या, तारीखवार आणि एकाच पद्धतीने ठेवलेल्या क्षारतेच्या नोंदी जितक्या ठामपणे सांगतील तितके भाषण सांगू शकणार नाही. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था या खाड्यांचा कित्येक दशके अभ्यास करीत आहे. गावांच्या नोंदींची पद्धत तेथील शास्त्रज्ञांकडून आरंभीच तपासून घ्यावी, म्हणजे पुढे त्यांचे मोल कोणी नाकारणार नाही.

दुसरे असे की, सगळी हानी घाटावरून येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तीत गोव्यातील 11 पट्टे होते. साळ नदीचा उगम आणि मुख दोन्ही गोव्यातच आहेत, आणि तिची जी स्थिती मडगावच्या खारेबांधापाशी दिसते तिचा दोष आपण कोणत्याही शेजाऱ्यावर टाकू शकत नाही. वरच्या राज्यांकडे नदीचा आदर मागणाऱ्या राज्याने आपल्या नाल्यांची तोंडे आधी बंद करावीत, हे आम्ही नैतिक उपदेश म्हणून लिहीत नाही. वाटाघाटीच्या टेबलावर पहिला प्रश्न तोच विचारला जातो.

प्रश्न : मी खाडीतल्या तिसऱ्या आणि कालवे हे शिंपले काढून विकते. नदीविषयीच्या बैठका होतात त्या कामाच्या दिवशी सकाळी अकराला. त्या वेळी सुकती असली तर मी पाण्यात असते. आमचे म्हणणे नोंदवायचे कसे? (एक मासे विक्रेती, चिखली)

उत्तर : ताई, आपला प्रश्न आम्हाला सर्वांत मोलाचा वाटला, कारण आपल्याला न विचारता केलेला झुवारीचा आराखडा अपुरा राहणार हे उघड आहे. चिखलीच्या उपसागरात तिसऱ्यांबरोबरच तो पातळ, अर्धपारदर्शक शिंपलाही आहे, जो जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांना काचेच्या जागी बसवत असत आणि ज्याला आज वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तळाचा गाळ कोठे वाढला, कोणत्या वर्षी शिंपल्या मेलेल्या निघाल्या, जेटीसाठी गाळ उपसल्यावर कोणती जागा ओस पडली, हे तेथे रोज वाकून काम करणाऱ्या बायकांना ठाऊक असते. जैवविविधता समितीच्या नोंदवहीत ही माहिती जागेच्या आणि वर्षाच्या उल्लेखासह लिहून घेण्याची मागणी आपण ग्रामसभेत करू शकता. ती लिहिली की कोकणीत मोठ्याने वाचून दाखवावी आणि मगच त्यावर सह्या किंवा अंगठे घ्यावेत. आपल्या वाड्यावरच्या चार-पाच जणींनी मिळून ही मागणी केली तर ती टाळणे कोणालाही कठीण जाईल. एका प्रतीवर पंचायतीची पोच घेऊन ती आपल्याजवळ ठेवावी.

वेळेबद्दलची आपली तक्रार पूर्णपणे रास्त आहे, आणि तिचा उपाय पंचांगात आहे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाणी खूप खाली जाते आणि शिंपल्यांच्या जागा उघड्या पडतात. आपली कमाई त्याच दिवसांची. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग असते, पाणी फारसे उतरत नाही आणि कामही थोडे असते. संयुक्त समितीने आपल्या बैठका वारावर न ठेवता भांगाच्या दिवसांत, दुपार टळल्यावर ठेवाव्यात, असा ठराव आपल्या ग्रामसभेत मांडावा. आम्ही त्याचा मसुदा पुढील अंकात छापू. बैठकीला येणाऱ्या बायकांना त्या दिवसाची मजुरी समितीच्या निधीतून देण्याचे कलमही त्यात असेल.